पृष्ठांवरून त्रिमितीय आकृतींची ओळख

लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन मिती असलेल्या आकृतीला त्रिमितीय आकृती किंवा घनाकृती म्हणतात. तिला बाहेरून वेढणाऱ्या भागांना पृष्ठे म्हणतात. दोन पृष्ठे जेथे मिळतात ती कड आणि कडा जेथे एकत्र येतात तो शिरोबिंदू होय. पृष्ठांची संख्या, त्यांचे आकार आणि त्यांची जुळणी यांवरून घनाकृती ओळखता येते. यांपैकी केवळ संख्या पुरेशी नसते.

सपाट आणि वक्र पृष्ठे

गोलाला एकच वक्र पृष्ठ असते. शंकूला एक वक्र पृष्ठ व एक वर्तुळाकार सपाट पृष्ठ, तर डब्यासारख्या बंद वृत्तचितीला एक वक्र व दोन वर्तुळाकार सपाट पृष्ठे असतात. ज्या घनाकृतीची सर्व पृष्ठे सपाट बहुभुजाकृती असतात, तिला बहुपृष्ठक म्हणतात.

चिती आणि सूची

चितीला दोन समांतर व एकरूप तळ असतात. लंब चितीची बाजूची पृष्ठे आयताकृती असतात. सूचीला एकच तळ असतो आणि बाजूची त्रिकोणी पृष्ठे एका शिरोबिंदूत मिळतात. वीट व काडेपेटी या इष्टिकाचिती होत. सहाही पृष्ठे चौरस असलेली इष्टिकाचिती म्हणजे घन, उदा. फासा.

ही नावे जुन्या गणितपरंपरेतील आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (इ.स. ११५०) या ग्रंथात विटांच्या राशीचे घनफळ व विटांची संख्या काढण्याच्या प्रकरणाला 'चितिव्यवहार' असे नाव आहे. त्यातील 'खातव्यवहार' या प्रकरणात सूचीच्या आकाराच्या खड्ड्याचे घनफळ तेवढाच तळ व खोली असलेल्या सरळ खड्ड्याच्या एक तृतीयांश सांगितले आहे.

केवळ संख्या का पुरत नाही

तळाला 'न' बाजू असल्यास चितीला न + २ आणि सूचीला न + १ पृष्ठे असतात. त्यामुळे प्रत्येक चितीइतकीच पृष्ठे असलेली एक सूची असतेच:

- ५ पृष्ठे: त्रिकोणी चिती (२ त्रिकोण, ३ आयत) किंवा चौरस सूची (१ चौरस, ४ त्रिकोण)
- ६ पृष्ठे: इष्टिकाचिती (६ आयत) किंवा पंचकोनी सूची (१ पंचकोन, ५ त्रिकोण)
- ७ पृष्ठे: पंचकोनी चिती (२ पंचकोन, ५ आयत) किंवा षट्कोनी सूची (१ षट्कोन, ६ त्रिकोण)

म्हणून मोजणीनंतर पृष्ठांचे आकार पाहावे लागतात. मोजणी तपासण्यासाठी ऑयलर यांचे सूत्र उपयोगी पडते. बहिर्वक्र बहुपृष्ठकात शिरोबिंदू + पृष्ठे = कडा + २ असते. त्रिकोणी चितीसाठी ६ + ५ = ९ + २, तर चौरस सूचीसाठी ५ + ५ = ८ + २.

पृष्ठांची जुळणी

काही वेळा आकारही पुरत नाहीत. घनाचे आठही कोपरे कडांच्या मध्यबिंदूंपर्यंत छाटल्यास ६ चौरस व ८ समभुज त्रिकोण असलेली आकृती मिळते. तिचे सुसम षट्कोनी छेदावर दोन भाग करून एक भाग ६०° फिरवून पुन्हा जोडला, तर पृष्ठे तीच राहतात, पण आकृती बदलते. पहिल्या आकृतीत प्रत्येक कडेवर एक चौरस व एक त्रिकोण मिळतात. दुसरीत जोडावरील कडांवर चौरसाला चौरस आणि त्रिकोणाला त्रिकोण भिडतो.

फ्रेंच गणितज्ञ कोशी यांनी १८१३ मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार, बहिर्वक्र बहुपृष्ठकाची पृष्ठे व त्यांची जुळणी ठरली की आकृतीही ठरते. बहिर्वक्रतेची अट आवश्यक आहे. घनाच्या एका पृष्ठावर बसकी सूची बाहेरच्या बाजूस जोडली किंवा तीच आत खोलगट केली, तर पृष्ठे व जुळणी सारखीच राहूनही आकृती भिन्न होतात.

घडणी

इष्टिकाचितीकडे कोठूनही पाहिले, तरी एका वेळी तिची तीनपेक्षा अधिक पृष्ठे दिसत नाहीत. त्यामुळे चित्रावरून मोजताना मागची पृष्ठे सुटू शकतात. पृष्ठे एका सपाट कागदावर उलगडून मांडली की घडण तयार होते व सर्व पृष्ठे जुळणीसह एकत्र दिसतात. घनाच्या घडणी ११ प्रकारच्या असतात. मात्र सहा चौरसांची प्रत्येक मांडणी घडण नसते. सहाही चौरस एका ओळीत जोडल्यास घन तयार होत नाही.