वेसाव्याची वाळू जाते कुठे?

जुलैच्या उधाणानंतर ओहोटीला वेसाव्याच्या किनाऱ्यावर उतरलं की पुळण अरुंद झालेली दिसते आणि वाळू काळपट. ही काळी झाक दर वेळी घाणीचीच नसते. कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक मी तिच्यावरून फिरवतो, तेव्हा बारीक काळे कण झुपक्यानं चिकटतात. आपल्या काळ्या कातळातून सुटलेलं हे मॅग्नेटाइट. जड म्हणून ते मागे राहतं; शिंपल्यांचा हलका चुरा लाटांनी आत ओढून नेलेला असतो.

हे ओढणं पाण्याच्या कडेला उभं राहिलं की तळव्यांनाच कळतं. पावसाळ्यात उंच लाटा एकीमागून एक लगोलग येतात. वाळू आधीच चिंब, पाणी मुरायला जागा नाही. वर चढलेलं पाणी वाळू घेऊनच परततं आणि टाचेखाली खड्डा पडतो. यातली बरीचशी वाळू जवळच उथळ समुद्रात साचून तिचा दांडा तयार होतो. मग मोठ्या लाटा त्यावरच फुटतात, किनाऱ्याला कमी मार बसतो. हिवाळ्यात लाटा बुटक्या, सावकाश. चढलेलं पाणी वाळूत मुरतं, परतीला जोर उरत नाही, आणलेली वाळू वरच राहते. उन्हाळ्यापर्यंत पुळण पुन्हा भरते. मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. घरट्यासाठी मादीला भरतीच्या रेषेवरची अशीच वाळू लागते.

पलीकडे मढच्या खडकांवर लाटा वळून एकवटतात आणि कातळ झिजवतात. मधल्या मालाड खाडीत पाणी संथावलं की गाळ खाली बसतो, तिवरांच्या मुळांत अडकतो. खाडीच्या तोंडाशी गाळ साचला की कोळ्यांच्या होड्यांना भरतीची वाट पाहावी लागते.

वाळूची ही ये-जा म्हणजेच किनारा. तिच्यात भिंत घातली की लाट मुरत नाही. आपटून परतते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू खरवडते. आक्साच्या किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळानं बांधलेल्या भिंतीचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, तो उगाच नव्हे. धूप खरी आहे, किनाऱ्यावरच्या घरांची भीतीही खरी आहे. पण पावसाळ्यात मोजलेली पुळण हा अर्धाच हिशेब. कुठलीही भिंत मंजूर करण्याआधी तीच पुळण मे महिन्यातही मोजा, आणि अशी काही वर्षं मोजत राहा.