शाळेत अचानक पाळी आली तर : तारीख चुकते, मुलगी नव्हे

आज शनिवार असूनही सभागृह भरलंय, आणि पहिल्या दोन रांगांत आया आहेत तसे चार-पाच वडीलही दिसताहेत, याचा आम्हाला आनंद आहे. विषय ज्यांच्या घरात मुलगी आहे त्यांचा आहेच, पण ज्यांच्या घरात मुलगा आहे त्यांचाही आहे. तो का, ते शेवटी येईल.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सातवीचा वर्ग, तिसरा तास. बाई एका मुलीला फळ्यावर गणित सोडवायला बोलावतात. ती उठत नाही. बाई पुन्हा बोलावतात, ती मान खाली घालते. बाई रागावतात, वर्ग हसतो. तिला गणित येत असतं, पण बाकावर डाग पडलाय हे तिला कळलेलं असतं. शाळांमध्ये जाऊन आम्ही मुलींशी बोलतो, तेव्हा हा प्रसंग थोड्याफार फरकाने प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतो. आणि त्यावर मोठ्या माणसांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तारीख लक्षात ठेवायला नको का?"

तर आधी हे वाक्य तपासू. पाळी साधारण १० ते १५ वर्षांच्या दरम्यान सुरू होते. पहिली दोन-तीन वर्षं शरीरातल्या संप्रेरकांची घडी बसलेली नसते. बऱ्याच महिन्यांत बीजांड सुटतच नाही, म्हणून पाळी कधी २१ दिवसांनी येते, कधी ४५ दिवसांनी. कधी मध्ये एखादा महिना कोरडाही जातो. हे आजारपण नाही, त्या वयाची ती रीतच आहे. मोठ्या बाईला कॅलेंडरवर खूण करून अंदाज बांधता येतो, सातवीतल्या मुलीला येत नाही. म्हणजे शालेय वयात पाळी अचानक येणं हा अपवाद नाही, तो नेहमीचाच प्रकार आहे. आणि जे नेहमी घडणार आहे त्याची तयारी बारा वर्षांच्या मुलीच्या आठवणीवर सोडायची नसते. ती शाळेने करून ठेवायची असते. आजच्या व्याख्यानाचं सार एवढंच. बाकीचा तपशील.

आता प्रत्यक्ष त्या वेळी काय करायचं? मुलींनी हे नीट ऐकावं.

पहिलं म्हणजे घाबरायचं नाही. संपूर्ण पाळीत मिळून जाणारं रक्त साधारण दोन-तीन मोठे चमचे भरेल इतकंच असतं. कापडावर पसरल्यामुळे ते फार वाटतं. दुसरं, बाईंना "मला बाथरूमला जायचंय, आत्ता" एवढंच सांगायचं. कारण द्यायची गरज नाही. सर शिकवत असतील तर त्यांनाही हेच वाक्य चालतं. तिसरं, पॅड नसेल तर स्वच्छ सुती रुमालाची चौपदरी घडी करून ठेवायची. पॅड मिळेपर्यंत तेवढा आधार पुरतो. चौथं, गणवेशावर डाग पडला असेल तर स्वेटर किंवा जॅकेट कमरेला बांधायचं, किंवा मैत्रिणीला मागे चालायला सांगायचं. डाग धुताना पाणी थंड घ्यायचं. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. पाचवं, वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाकायचं, शौचकूपात नाही.

पॅड चार ते सहा तासांनी बदलावं लागतं. शाळेचे पाच-सहा तास आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर शाळेत एकदा तरी बदलावं लागणारच. म्हणून दप्तरात एका छोट्या पिशवीत दोन पॅड, एक जादा निकर आणि जुनं वर्तमानपत्र कायम असू द्या. पाळी अजून सुरू झालेली नसेल तरी पाचवीपासून ठेवा. पहिली पाळी सांगून येत नाही.

आता शिक्षकांसाठी. बरेच शिक्षक भल्या मनाने म्हणतात, "जा बाळ, घरी जा." पण इथे डिलाईल रोडच्या आसपास घरी जाणं म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सगळ्यांचा मिळून. आई-वडील कामावर, किल्ली शेजारच्या काकूंकडे. डाग पडलेल्या गणवेशात रस्ता ओलांडायचा, जिना चढायचा, किल्ली मागायची आणि "आज लवकर कशी?" याचं उत्तर द्यायचं. त्यापेक्षा शाळेत दहा मिनिटं आणि एक बंद दार मिळालं, तर ती पुढच्या तासाला वर्गात असते. घरी पाठवणं हा तिला बरं वाटत नसेल तेव्हाचा मार्ग आहे. डाग पडला एवढ्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट किल्लीची. बहुतेक शाळा सांगतात, "आमच्याकडे पॅड आहेत." कुठे आहेत? कपाटात. किल्ली? एका बाईंकडे. त्या रजेवर असल्या तर? आणि हजर असल्या तरी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर जाऊन मागायचं? मागावं लागतं तिथेच अर्ध्या मुली थांबतात. डबा मुलींच्या स्वच्छतागृहातच ठेवा, उघडा. "मुली जास्त घेऊन जातील" अशी भीती असते. नेतील. एखादी घरी बहिणीसाठी नेत असेल, तर तिच्या घरची गरज तुम्हाला कळली असं समजा.

सरकारी बाजूही थोडी सांगतो. ८ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत मिळायचं. मुंबई शहरात जिल्हा परिषदच नाही, त्यामुळे लोअर परळच्या मुलीच्या हाती त्यातून काही आलं नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असलंच पाहिजे, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलींच्या पाळीच्या स्वच्छतेसाठी देशभर एकसारखं धोरण आखायला केंद्राला सांगितलं. तेव्हा मुख्याध्यापकांकडे कडी लागणारं दार, चालू नळ, बादली, दिवा आणि झाकणाचा डबा मागायला जाल, तेव्हा उपकार मागतोय असं समजू नका.

हे नसलं की काय होतं? जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पाचवी ते दहावीच्या मुलींना एकत्र बोलावून, पडद्यावर त्या डागांचे फोटो दाखवून, कोणाला पाळी आली आहे असं विचारलं गेलं. ज्या "नाही" म्हणाल्या त्यांच्यापैकी काहींना कपडे काढायला लावून तपासलं, अशी पालकांची तक्रार होती. पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिका आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. त्या डागांना एक बादली पाणी पुरलं असतं. डाग पुसायचा असतो, त्याचा गुन्हेगार शोधायचा नसतो. मुलींनो, असं कोणी करू लागलं तर "नाही" म्हणा आणि घरी सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जायचं? दर तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर. केईएम आणि वाडिया रुग्णालयं आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. "लग्न झालं की बरं होईल" हा उपचार नव्हे.

आणि शेवटी मुलांबद्दल. आपल्या घरात "कावळा शिवला", "अडचण आहे", "बाहेरची आहे" असं म्हणतात. मुलगा हे ऐकतो, त्याला अर्थ कोणी सांगत नाही, आणि मग तो वर्गात हसतो. त्याला माहीत नसतं म्हणून तो हसतो. त्याला पाचवीतच चार सरळ वाक्यांत सांगा. सांगितलेली मुलं काय करतात, ते आम्ही पाहिलंय. एका वर्गात असाच बाकावर डाग दिसला. शेजारच्या रांगेतल्या मुलाने आपली पाण्याची बाटली मुद्दाम त्या बाकावर कलंडवली आणि म्हणाला, "बाई, पाणी सांडलं, पुसतो." कोणी हसलं नाही. ती मुलगी मैत्रिणीबरोबर बाहेर गेली आणि दहा मिनिटांत परत येऊन बसली.

सोमवारी शाळेत जाल तेव्हा आधी त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.