बेट्टा माशाची काचपेटी : नाव, माप आणि खर्च

पनवेल तालुक्यात कळंबोलीला लागून असलेल्या रोडपालीत आज बहुमजली इमारतींची दाट वसाहत आहे. तेथील मध्यमवर्गीय घरात जागा मोजकी असते आणि पाणी जपून वापरावे लागते. अशा घरात मुलांच्या आग्रहाखातर एखादा प्राणी पाळावयाचा झाला, तर निवड बहुधा बेट्टा या माशावर येऊन ठरते. तो एकटा राहतो, फार खात नाही आणि दुकानात तर पेलाभर पाण्यात ठेवलेला दिसतो. त्यावरून ग्राहक असे अनुमान काढतो की या माशाला पेलाभर पाणी पुरते. हे अनुमान चुकीचे आहे. पेल्यातील मासा जिवंत असतो एवढेच त्या दृश्यावरून सिद्ध होते. तो तेथे जगू शकेल हे सिद्ध होत नाही. हा भेद नीट ध्यानात घेतला, तर योग्य पेटी कोणती आणि परवडणारी पेटी कोणती, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे असे दिसून येते.

१. नावे काय सांगतात

‘बेट्टा’ हे प्रजातिनाम डच मत्स्यशास्त्रज्ञ पीटर ब्लेकर याने १८५० मध्ये मलय द्वीपसमूहातील एका स्थानिक मत्स्यनामावरून घेतले. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या जातीला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे नाव रीगन याने १९१० मध्ये दिले. थायलंड ही या जातीची मूळ भूमी होय. तेथे तिला ‘प्ला कात’, म्हणजे चावणारा मासा, असे म्हणतात. इंग्रजीत तो ‘झुंजणारा मासा’ झाला आणि मुंबई परिसरातील दुकानांत त्याचे सुटसुटीत ‘फायटर’ झाले. यांतील बहुतेक नावे या माशाच्या झुंजार स्वभावावरून पडली आहेत. दोन नरांना एका पेटीत ठेवू नये, एवढी सूचना त्यांतून मिळते व ती योग्यच आहे. परंतु त्याला पाणी किती लागते, याविषयी ही नावे काहीच सांगत नाहीत.

भांड्यांची नावे मात्र नको ते सुचवितात. ‘बाऊल’ हा शब्द मराठी घरात स्वयंपाकघरातून परिचयाचा झालेला आहे. त्यामुळे हाती धरता येईल एवढे भांडे ही कल्पना त्याच्याबरोबर येते. ‘टाकी’ किंवा गडावरचे ‘टाके’ म्हटले की पाण्याचा साठा डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘मत्स्यालय’ या शब्दाचा अर्थ मात्र माशाचे घर असा आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे तो सर्वतोमुखी झाला. घरातील पेटीकडे साठा म्हणून न पाहता निवास म्हणून पाहिले, तर पुढील विवेचन समजण्यास सोपे जाते.

२. श्वास आणि विसर्जन

बेट्टाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूस, घड्याघड्यांचे एक सहायक श्वसनेंद्रिय असते. पृष्ठभागावर येऊन तो हवा गिळतो आणि तीमधील प्राणवायू या इंद्रियाद्वारे रक्तात घेतो. म्हणूनच ज्या पाण्यात इतर मासे गुदमरतील त्यात तो तग धरतो. महाराष्ट्रातील मरळही हवेतून श्वास घेते, आणि त्यामुळेच बाजारात थोड्याशा पाण्यात ती दीर्घकाळ जिवंत दिसते. पण तेवढ्यावरून मरळ घमेल्यात वाढते, असे कोणी म्हणत नाही.

या इंद्रियाने श्वासाची सोय होते. विसर्जनाची होत नाही. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो, आणि उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. त्याने कल्ल्यांना इजा होते. पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका त्यातील अमोनियाचा विषारी अंश अधिक असतो. स्थिरावलेल्या पेटीत सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू खडीवर, काचेवर व गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. लहान बाऊलमध्ये त्यांना पुरेशी जागा नसते, आणि बाऊल वरचेवर घासून धुतला गेल्याने जी थोडी वस्ती होते तीही टिकत नाही.

३. उथळ म्हणजे लहान नव्हे

बेट्टा मूळचा भातशेतातील डबक्यांत राहणारा आहे, मग त्याला मोठी पेटी कशाला, असा एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. कोकणच्या वाचकाला भातखाचर सांगावयास नको. खाचरातील पाणी वीतभर खोल असते हे खरे. परंतु ते बांधापासून बांधापर्यंत पसरलेले असते. ते उथळ असते, लहान नसते. तेव्हा त्या अधिवासातून घ्यावयाचा धडा असा की पेटी उंच असू नये, पसरट असावी. लांब परांच्या नराला प्रत्येक श्वासासाठी वर यावे लागते. उभट पेटीत ही ये-जा त्याला थकविते. गोल बाऊल काठोकाठ भरला की वरचा पृष्ठभाग तोंडाजवळ आकुंचित होतो आणि त्यावर झाकण नीट बसत नाही. रोम नगरपालिकेने २००५ मध्ये गोल बाऊलमध्ये मासे ठेवण्यास बंदी केली, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

४. खर्चाचा हिशेब

दुकानात पेट्या फूट-इंचांत विकल्या जातात, तर माशाची गरज लिटरांत मोजावी लागते. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची ही तिन्ही मापे इंचांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्यास ६१ ने भागावे. येणारा आकडा लिटरांचा असतो. १५ इंच लांब, १० इंच रुंद आणि १० इंच उंच अशा पेटीत आठ इंचांपर्यंत पाणी भरले, तर ते सुमारे २० लिटर होते. एका बेट्टासाठी हे माप पुरेसे आहे.

आता याची तीन लिटरांच्या बाऊलशी तुलना करावी. विकत घेताना बाऊल स्वस्त पडतो, यात शंका नाही. पण तोच मासा व तेच अन्न असता त्यातील अमोनियाचे प्रमाण जवळजवळ सातपट वेगाने वाढते. म्हणून बाऊलचे पाणी एक दिवसाआड पूर्ण बदलावे लागते. आठवड्याला दहा लिटरांहून अधिक पाणी जाते, आणि प्रत्येक वेळी माशाला अपरिचित पाण्याचा व तापमानाचा धक्का बसतो तो वेगळाच. स्थिरावलेल्या २० लिटरांच्या पेटीत आठवड्यातून एकदा चतुर्थांश, म्हणजे पाच लिटर पाणी बदलले तरी भागते. जेथे टँकरची वाट पाहावी लागते तेथे हा फरक गौण नाही. काढलेले पाणी गॅलरीतील झाडांनाही उपयोगी पडते.

तापमानाचेही तसेच आहे. बेट्टाला सुमारे २४ ते २८ अंश सेल्सियस उष्णता मानवते. पनवेल परिसरात वर्षाचा बराच काळ ती आपोआप मिळते. हिवाळ्यातील काही रात्रीच पारा खाली उतरतो. थोडे पाणी लवकर गार होते व लवकर तापते. वीस लिटर पाणी सावकाश बदलते. त्यामुळे हीटर लागलाच तर तो थोड्या दिवसांपुरता आणि कमी शक्तीचा पुरतो.

५. निवड आणि मांडणी

सरळ कडांची, साध्या काचेची आयताकृती पेटी सर्वांत सोयीची. काचेचे दुकानदार ती मापानुसार करून देतात. जुनी पेटीही चालते. मात्र ती सपाट जागी पाण्याने भरून एक दिवस ठेवावी आणि सांध्यांतून पाझर नाही याची खात्री करून घ्यावी. भरलेल्या पेटीचे वजन २५ ते ३० किलो होते, म्हणून लटकत्या फळीवर ती ठेवू नये. तळाशी थर्मोकोलचा तुकडा घालावा. दुपारचे ऊन लागेल अशी खिडकीजवळची जागा टाळावी.

झाकण अनिवार्य आहे, कारण बेट्टा उडी मारतो. पाणी व झाकण यांमध्ये दोन इंचांची हवा राहू द्यावी आणि झाकणास फटी ठेवाव्यात. गाळणीसाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंज उत्तम व स्वस्त. प्रवाह मंद असावा. हा स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरिनमुळे जीवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. नव्या पाण्यातील क्लोरिन उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यास बहुतांशी उडून जाते. क्लोरामाइन असेल तर तसे होत नाही, म्हणून क्लोरिननाशक द्रावणाचे थेंब घालणे अधिक निर्धोक होय. आडोशासाठी रस्त्याकडेला आढळणाऱ्या देशी बदामाचे वाळून गळलेले एखादे पान स्वच्छ धुऊन टाकावे; त्यास खर्च काहीच नाही. शोभेच्या टोकदार वस्तूंनी मात्र पर फाटतात.

पेटी प्रथम मांडून गाळणी काही आठवडे चालू ठेवावी आणि मासा नंतर आणावा, हा क्रम श्रेयस्कर होय. मासा आधीच घरी आला असेल, तर आरंभीच्या आठवड्यांत थोडे थोडे पाणी अधिक वेळा बदलावे.

चांगल्या निगेत बेट्टा दोन-तीन वर्षे, क्वचित त्याहून अधिक जगतो. बाऊलमध्ये तो काही आठवड्यांतच मलूल होतो, आणि घरातील मंडळी ‘हा मासा नाजूकच असतो’ असे म्हणून दुसरा आणतात. वास्तविक तो नाजूक नसतो. तो चिवट असतो, आणि त्या चिवटपणामुळेच त्याचे हाल लवकर दिसून येत नाहीत. पेटी निवडताना तो किती थोड्या पाण्यात तग धरतो हे न पाहता, किती पाण्यात तो सुखाने राहतो हे पाहावे. तो आकडा वीस लिटरांच्या आसपास आहे, आणि रोडपालीतील साध्या घरालाही तो परवडणारा आहे.