एकूण सात आले, तरी अर्ज परत का आला?

आंब्याची शेवटची पेटी वाशीला रवाना झाली आणि नांगर शेतात उतरले, की आपल्याकडे घराघरांत दुसरा एक हिशेब सुरू होतो. हंगामात हाताशी काय उरले आणि त्यातले मुलांच्या शिक्षणाला किती लावायचे, हा तो हिशेब. मुलगी नर्सिंग पूर्ण करून बसली आहे, तिला इंग्लंडच्या रुग्णालयात जायचे आहे. मुलगा दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन आला आहे, त्याला पुढचे शिक्षण परदेशात घ्यायचे आहे. मग घरात एक नवा शब्द शिरतो, आयईएलटीएस. कुणी सांगतो, "साडेसहा आले की झाले." दुसरा म्हणतो, "छे, सातशिवाय दार उघडत नाही." पण साडेसहा कितीपैकी, ते ठरवतो कोण, हे विचारायला बापाला संकोच वाटतो.

बागायतदार मंडळी, हा संकोच सोडा. परदेशी जाणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. जहाजावर गेलेले आणि आखातात गेलेले लोक गावोगाव आहेत. आता त्या वाटेवर इंग्रजीच्या परीक्षेचे फाटक लागले आहे, आणि त्या फाटकातल्या एका आकड्यापायी कलमांची बाग गहाण पडू शकते. तेव्हा हा आकडा तयार कसा होतो, हे मुलाइतकेच तुम्हालाही ठाऊक हवे. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही. सरासरी काढता आली की पुरे.

परीक्षेचे चार भाग

आयईएलटीएस ही परीक्षा या नावाने १९८९ पासून घेतली जाते. ब्रिटिश कौन्सिल, ऑस्ट्रेलियाची आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्थांची ती मिळून आहे. भारतात २०२१ पासून ती घेण्याचे काम आयडीपीकडे आहे. फी पंधरा हजार रुपयांच्या वर आहे, आणि एकदा बसल्यावर निकाल मनासारखा लागला नाही म्हणून ती परत मिळत नाही.

परीक्षेत चार भाग असतात. पहिला ऐकण्याचा. सुमारे अर्धा तास, ४० प्रश्न. ध्वनिफीत एकदाच वाजते, पुन्हा ऐकवत नाहीत. दुसरा वाचनाचा. एक तास, ४० प्रश्न. तिसरा लेखनाचा. एक तासात दोन उत्तरे, पहिले किमान १५० शब्दांचे आणि दुसरे किमान २५० शब्दांचे. दुसऱ्या उत्तराचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते, म्हणून वीस मिनिटे पहिल्याला आणि चाळीस दुसऱ्याला द्यावीत असे सांगतात. चौथा भाग बोलण्याचा. परीक्षक समोर बसून (काही ठिकाणी पडद्यावरून) ११ ते १४ मिनिटे बोलतो. आधी गाव, घर, काम यांविषयी साधे प्रश्न, मग एका विषयावर मिनिटभर विचार करून एक-दोन मिनिटे बोलायचे, आणि शेवटी त्याच विषयावर थोडी खोल चर्चा.

या परीक्षेचे दोन प्रकार आहेत हेही लक्षात असू द्या. उच्च शिक्षण आणि नर्सिंगसारख्या व्यवसायांच्या नोंदणीसाठी 'अकॅडेमिक', तर कॅनडासारख्या देशात कायम वास्तव्याच्या अर्जासाठी 'जनरल ट्रेनिंग'. ऐकणे आणि बोलणे दोन्हींत सारखेच असते, वाचन आणि लेखन वेगळे. चुकीच्या प्रकाराला बसलात तर गुण कितीही आले तरी तो कागद तुमच्या कामाचा नाही.

गुण कसे पडतात

आपल्याला सवय आहे ती ३५ ला पास, ३४ ला नापास या हिशेबाची. इथे पास-नापास नसते. शून्य ते नऊ अशी पट्टी आहे, मधल्या अर्ध्या पायऱ्या धरून, आणि तिच्यावर तुमची जागा सांगतात. तिला 'बँड' म्हणतात. आंब्याची प्रतवारी करतो ना, तसेच. लहान फळ नापास होत नाही, ते कुठल्या बाजारात जाणार एवढेच ठरते.

ऐकणे आणि वाचन यांत दर बरोबर उत्तराला एक गुण. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडायची नाही. ४० पैकी मिळालेल्या गुणांचा बँड होतो. परीक्षा घेणाऱ्यांनीच दिलेल्या अंदाजी तक्त्यानुसार ऐकण्यात २३ बरोबर आले तर साधारण ६, ३० आले तर ७, ३५ आले तर ८. अकॅडेमिक वाचनातही ३० ला साधारण ७ मिळतात. पण जनरल ट्रेनिंगचे उतारे सोपे असतात, म्हणून तिथे तेच ३० गुण ६ वर थांबतात आणि ७ साठी ३४ लागतात. शब्दाचे स्पेलिंग चुकले की उत्तर चूक. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असे म्हटले असताना तीन लिहिले तरी चूक. यात हुशार मुलेही गुण घालवतात.

लेखन आणि बोलणे परीक्षक तपासतो, पण मनाला येईल तसे नाही. दोन्हींना चार-चार कसोट्या आहेत आणि चारींचे वजन सारखे. लेखनात विचारलेल्याचे उत्तर दिले का, मांडणी सुसंगत आहे का, शब्द नेमके आहेत का, व्याकरण कसे आहे. बोलण्यात ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार. उच्चार म्हणजे गोऱ्या साहेबासारखा हेल नव्हे. समोरच्याला सहज कळेल असे स्पष्ट बोलणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठी शाळेतून आलेल्या मुलाने यापायी घाबरायचे कारण नाही.

सरासरीतली गंमत आणि सरासरीतला घात

चार भागांचे चार बँड येतात. त्यांची बेरीज करून चाराने भागले की एकूण बँड. उत्तर जवळच्या अर्ध्यावर नेतात. मात्र पाव आला तर वरच्या अर्ध्यावर, आणि पाऊण आला तर वरच्या पूर्ण आकड्यावर.

कागद-पेन्सिल घ्या. एका मुलाला ६.५, ६, ६, ६ असे मिळाले. बेरीज २४.५, सरासरी ६.१२५, म्हणून एकूण ६. दुसऱ्याला ६.५, ६.५, ६, ६. बेरीज २५, सरासरी ६.२५, म्हणून एकूण ६.५. एकाच भागातल्या अर्ध्या पायरीने निकाल बदलला.

ही झाली गंमत. आता घात बघा. एका मुलीला ऐकण्यात ७.५, वाचनात ७, लेखनात ५.५ आणि बोलण्यात ७ मिळाले असे समजा. बेरीज २७, सरासरी ६.७५, एकूण बँड ७. घरी पेढे वाटले. पण ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणारी परिषद, एनएमसी, नुसते एकूण सात बघत नाही. ऐकणे, वाचन आणि बोलणे या प्रत्येकात किमान ७ आणि लेखनात किमान ६.५ लागतात. या मुलीचे लेखन ५.५. या गुणपत्रिकेवर नोंदणी नाही.

कॅनडाचेही तसेच आहे. एक्स्प्रेस एंट्री या कायम वास्तव्याच्या योजनेत चारही भाग वेगवेगळे मोजतात. तिथल्या भाषापट्टीवरची सातवी पायरी गाठायला जनरल ट्रेनिंगच्या चारही भागांत प्रत्येकी ६ लागतात.

हे आपल्याला नवे वाटायचे कारण नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला होता, तो कशामुळे? निर्यात झालेल्या काही मालात फळमाशी सापडली म्हणून. बाकीचा आंबा किती गोड आणि सरासरीने किती उत्तम, हे कुणी विचारले नाही. पुढे उपाययोजना दाखवल्यावर २०१५ मध्ये ती बंदी उठली. परीक्षेतही दुबळा भाग शोधून तिथेच फवारणी करावी लागते. ऐकण्यात ८ मिळवणाऱ्या मुलाने आणखी ऐकत बसण्यात अर्थ नाही, लेखन ५.५ वर अडकले असेल तर रोज एक उत्तर लिहून ते जाणत्याकडून तपासून घ्यायला हवे.

आपल्याला नेमकी कुठली परीक्षा लागते?

सगळ्यांना आयईएलटीएसच लागते असे नाही. परिचारिकांसाठी ओईटी नावाची दुसरी परीक्षा आहे. तिच्यात रुग्ण, औषधे, रुग्णालय हेच विषय असतात आणि लेखनात बहुधा रुग्णाविषयीचे पत्र लिहावे लागते. तिचे गुण ० ते ५०० असतात. एनएमसीला तीन भागांत प्रत्येकी ३५० आणि लेखनात ३०० लागतात. कामाची भाषा ओळखीची असल्याने काहींना ती सोयीची पडते, पण फी आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे. जहाजावर जाणाऱ्यांची अनेक कंपन्या मार्लिन्स ही वेगळी चाचणी घेतात. तिथे आयईएलटीएसची फी भरून उपयोग नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्याची बरीच चर्चा झाली. पण त्या वाटेला जर्मन भाषा लागते. इंग्रजीचे नऊ बँडही तिथे जर्मनची जागा घेणार नाहीत.

ब्रिटनच्या व्हिसासाठी आणखी एक बारकावा आहे. काही अर्जांना 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' अशी खास नोंद असलेलीच परीक्षा चालते. प्रश्न तेच, गुण तेच, पण मान्य केंद्र आणि नोंद वेगळी. फॉर्म भरताना चुकीच्या खान्यावर बोट पडले की सगळा खर्च पुन्हा.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी देश आणि काम ठरवा. मग त्या विद्यापीठाच्या किंवा परिषदेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची अट मुलाकडून छापून घ्या. एकूण किती, प्रत्येक भागात किती, कोणती परीक्षा, कोणता प्रकार, हे चार मुद्दे त्यावर लाल पेनने अधोरेखित करा. अटी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवसांत ती पुन्हा तपासा. एजंटाच्या तोंडचा आकडा हा आधार नव्हे.

तयारी आणि सावधगिरी

नमुना प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्लासची फी भरण्याआधी मुलाला घरी घड्याळ लावून एक सोडवू द्या, कुठे उभा आहे ते कळेल. परीक्षा संगणकावर देणार असेल तर लेखन टंकूनच करावे लागते. मोबाइलवर भराभर बोटे चालवणारा मुलगा संगणकाच्या कळफलकावर अडखळतो, हे विसरू नका. पाठ केलेले निबंध परीक्षकाला ओळखू येतात आणि गुण उतरतात.

गुणपत्रिका दोन वर्षे ग्राह्य धरतात. म्हणून फार आधी परीक्षा देऊन ठेवण्यात शहाणपण नाही. एकच भाग कमी पडला तर तेवढाच भाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देण्याची सोय संगणकावरच्या परीक्षेत २०२३ पासून आली आहे. ती तुमच्या विद्यापीठाला किंवा परिषदेला चालते का, हे मात्र आधी विचारा.

"परीक्षेला न बसता सात बँडचे सर्टिफिकेट देतो" असे सांगणारा कुणी भेटला तर त्याला पायरी चढू देऊ नका. गुणपत्रिका खरी की खोटी हे परदेशातली संस्था थेट परीक्षेच्या नोंदींवरून पडताळते. खोटा कागद सापडला तर पैसा जातोच, शिवाय पुढच्या व्हिसाचेही दार बंद होऊ शकते. नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते.

ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच, मुख्याध्यापक यांनाही एक विनंती. परीक्षेला ओळख म्हणून पासपोर्ट लागतो आणि फॉर्मवरचे नाव त्याच्याशी तंतोतंत जुळावे लागते. जन्माच्या दाखल्यावर आडनावात इंग्रजी 'ए' एक आणि शाळेच्या दाखल्यावर दोन, असे आपल्याकडे सर्रास असते. दाखला देताना इंग्रजी स्पेलिंग एकदा घरच्यांना वाचून दाखवा. दुरुस्तीचा अर्ज आला तर तो महिनोन् महिने टेबलावर ठेवू नका. तुमच्या दोन मिनिटांवर त्या मुलाचे वर्ष अवलंबून असते.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठी एकच नियम. आधी बँड, मग बाग. चारही भागांचे आकडे छापील अटीशी जुळले, प्रवेशाचे किंवा नोकरीचे पत्र हाती आले, की मगच कर्जाचे आणि गहाणखताचे बोलणे करा. परीक्षेची फी गेली तर पुढच्या हंगामात भरून काढता येते. कलमे गेली तर ती पुन्हा उभी करायला अर्धे आयुष्य लागते.