मोटारीच्या किल्लीतला सेल



आपल्या बऱ्याच सभासदांच्या दारात आता चारचाकी उभी आहे. तिच्या किल्लीवर बटणे असतात. लांबून दाबले की दारे उघडतात. या किल्लीच्या पोटात नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो साधारण दोन-तीन वर्षे चालतो. संपत आला की आधी सूचना मिळते. वीस पावलांवरून उघडणारी गाडी अगदी दाराशी जाऊन दोन-तीनदा बटण दाबावे तेव्हा कुठे उघडते. अशा वेळी किल्लीच बिघडली असे समजून नव्या किल्लीचा खर्च करण्याआधी सेल बदलून पाहावा.

सेल अगदीच संपला तरी घाबरू नये. बटणांच्या बहुतेक किल्ल्यांत लोखंडी पाते असते, त्याने दार उघडते. इंजिन चालू करण्यासाठी गाडी जी चीप ओळखते, तिला या सेलची गरज नसते. तिला लागणारी वीज गाडीकडूनच मिळते. बटण दाबून चालू होणाऱ्या पुष्कळ गाड्यांत किल्ली त्या बटणाला टेकवून धरली की काम होते. काही गाड्यांत ती जागा वेगळी असते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ती दिलेली असते, एकदा पाहून ठेवावी. तोडणीच्या हंगामात अपरात्री फडावर अडकून पडण्यापेक्षा हे बरे.

सेल आणताना त्यावरचा आकडा पाहावा. ‘सीआर २०३२’ म्हणजे रुंदी २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. ‘सीआर २०२५’ची रुंदी तीच, पण जाडी २.५ मिलिमीटर. दोन्ही ३ व्होल्टचेच. म्हणून दुकानदार “चालतंय की” म्हणाला तरी पातळ सेल घेऊ नये. तो आत सैल बसतो आणि किल्ली मधूनच बंद पडते. जुना सेल सोबत नेलेला उत्तम.

बदलण्याची रीत अशी. किल्लीच्या कडेला खाच असते. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून ते खाचेत घालावे आणि हलके पिरगाळावे. काही किल्ल्यांना बारीक स्क्रू असतो, तो आधी काढावा. ‘अधिक’ खुणेची बाजू वर आहे की खाली, हे जुना सेल काढण्यापूर्वीच बघून ठेवावे. नवा सेल कोरड्या फडक्याने कडेला धरून त्याच बाजूने बसवावा. झाकण दाबून बंद करावे आणि बटण दाबून पाहावे.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. काढलेला जुना सेल खिडकीत, फळीवर ठेवू नये. आपल्याला तो मेलेला वाटतो, पण त्यात थोडी वीज उरलेली असते. रांगत्या पोराने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे तिथे वीज वाहू लागते, दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजते. सुरुवातीला पोर रडेलच असे नाही. लाळ गळणे, गिळता न येणे, खोकला एवढेच दिसेल. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढू नये, केळे-भाकरी चारू नये, “शौचावाटे पडेल” म्हणून थांबू नये. एक्स-रे असलेला दवाखाना तडक गाठावा आणि सेल गिळल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. सेलचे पाकीट सोबत न्यावे.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो झाकणाच्या डबीत, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावा. चुलीत किंवा पेटत्या पाचटात टाकू नये, तो फुटतो. उकिरड्यावरही नको. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असे सेल वेगळे गोळा करून द्यायचे असतात.

नवे सेलही पोरांपासून तितकेच दूर ठेवावेत. घड्याळ, वजनकाटा, पोरांची दिव्याची खेळणी यांतही असाच सेल असू शकतो. आज घरी गेल्यावर त्यांची झाकणे घट्ट आहेत का, एवढे पाहावे, ही आमची विनंती.