शिक्षा की बक्षीस?



गणिताचा तास सुरू झाला की एखादा विद्यार्थी बडबड करू लागतो. त्याला वर्गाबाहेर उभे केले जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! शिक्षा होऊनही सवय का जात नाही, असे पालक आम्हांस नेहमी विचारतात. याचे उत्तर ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ या शास्त्रात मिळते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, वर्तनानंतर काय घडते यावर ते वर्तन पुन्हा होणे अवलंबून असते. पुढे १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी ही तत्त्वे दैनंदिन जीवनात कशी वापरावीत याची चौकट मांडली.

यात तीन गोष्टी पाहावयाच्या असतात : आधी काय घडले, मुलाने काय केले आणि नंतर काय झाले. वरील उदाहरणात आधी अवघड गणित, मग बडबड आणि नंतर गणितातून सुटका! म्हणजे आपण दिलेली शिक्षा त्याच्यासाठी बक्षीसच ठरली.

वर्तनाला बळ देणाऱ्या परिणामास ‘प्रबलन’ म्हणतात. हवे ते मिळाले तर धन प्रबलन, नकोसे टळले तर ऋण प्रबलन. दोन्हींमुळे वर्तन वाढतेच. म्हणून ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे.

मग उपाय काय? गणित लहान पायऱ्यांत द्यावे, अडल्यास हात वर करून मदत मागण्यास शिकवावे आणि प्रत्येक योग्य प्रयत्नाचे लगेच, नेमक्या शब्दांत कौतुक करावे.

घरी जेवताना मोबाईलसाठी मूल रडते. दहा मिनिटांनी तो दिला, तर मूल दहा मिनिटे रडावयास शिकते. देणे बंद केल्यावर सुरुवातीला रडणे वाढू शकते. तेव्हा आई-वडील, आजी-आजोबा सर्वांनी एकच धोरण ठेवावे. मात्र मुलाला नीट दिसते, ऐकू येते ना, त्याला कशाची भीती तर वाटत नाही ना, हे आधी पाहावे.

विद्यार्थी मित्रहो, आधी अभ्यास, मग खेळ, हा नियम स्वतःसाठी तुम्हीही करू शकता.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. परंतु छडी नको म्हणजे शिस्त नको, असे नव्हे. पालकांनी आठवडाभर या तीन गोष्टी वहीत टिपाव्यात व ती वही पालकसभेस आणावी, ही नम्र विनंती.

— मुख्याध्यापक