पैसा 'भाजणारी' भाषा

आपण पैसा पाण्यासारखा ओततो, पोर्तुगीज माणूस तो भाजतो! 'तोर्रार' म्हणजे भाजणे. कॉफीच्या बिया भाजायच्या तेही तोर्रार, आणि आठवडाभरात सगळी कमाई उडवायची तेही तोर्रार. क्रेडिट कार्डाची मर्यादा ओलांडली की पोर्तुगीजच बोलणाऱ्या ब्राझीलमध्ये कार्ड 'फुटतं'. मला हे दोन्ही शब्द फार आवडतात, ऐकताच धूर दिसतो.

इंग्रजीत खरेदीचं व्यसन लागलेल्याला 'शॉपाहॉलिक' म्हणतात. दारुड्यासाठीच्या 'अल्कोहॉलिक'चं शेपूट दुकानाला जोडलंय. 'स्पेंडथ्रिफ्ट' मात्र फसवा शब्द. थ्रिफ्ट म्हणजे काटकसर, मग उधळ्याच्या नावात ती कशी? तर थ्रिफ्टचा जुना अर्थ साठवलेली संपत्ती. ती संपवतो तो स्पेंडथ्रिफ्ट!

महागड्या वस्तूसाठी इंग्रज एक हात नि एक पाय मोजतो, पोर्तुगीज 'चेहऱ्यावरचे डोळे' देतो. किंमत ऐकून आपले डोळे नुसतेच पांढरे होतात.

चैनीत राहण्याला पोर्तुगालमध्ये 'अ ग्रांद ई अ फ्रांसेझा' म्हणतात, म्हणजे थाटात आणि फ्रेंचांसारखं. नेपोलियनचा सेनापती जुनो 1807 मध्ये लिस्बनमध्ये शिरला. त्याच्या आणि त्याच्या अधिकाऱ्यांच्या ऐषारामावरून हा वाक्प्रचार रूढ झाला, असं सांगतात. फ्रेंच सैन्य पुढच्याच वर्षी परत गेलं, शब्द राहिला.

आणि ज्याच्या जोरावर आपण खरेदीला निघतो, तो 'पगार'? तोही पोर्तुगीजच. त्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे.